टेबल यादीत दिसतंय, मग क्वेरीला का सापडत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका ओआरएमने (कोडमधल्या ऑब्जेक्टवरून एसक्यूएल तयार करणाऱ्या लायब्ररीने) पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबलं तयार केली. ॲप व्यवस्थित चालतंय, पण पीएसक्यूएल हा पोस्टग्रेसचा कमांड लाइन प्रोग्राम उघडून हाताने क्वेरी मारली की ‘रिलेशन कस्टमरऑर्डर डझ नॉट एक्झिस्ट’ अशी एरर येते. टेबलांची यादी काढली तर कस्टमरऑर्डर तिथे हजर. हाच कोड आधी विंडोजवरच्या मायएसक्यूएलवर बिनतक्रार चालत होता. मग आता प्रत्येक क्वेरीत डबल कोट घालत बसायचं, टेबलांची नावं बदलायची, की पोस्टग्रेसची ही ‘केस सेन्सिटिव्ह’ सवय बंद करणारं एखादं सेटिंग आहे?

असं सेटिंग नाही, हे आधीच सांगतो. आणखी एक खुलासा: टेबलाच्या नावात सी आणि ओ कॅपिटल, बाकी सगळी अक्षरं स्मॉल आणि मध्ये अंडरस्कोर नाही, असं धरून चला. देवनागरीत हा फरक दिसत नाही, म्हणून गरज पडेल तिथे तो शब्दांत सांगेन.

पोस्टग्रेस केस सेन्सिटिव्ह आहे म्हणून हे होतंय, अशी समजूत करून घेतली की पुढची दुरुस्ती भलतीकडेच जाते. प्रत्यक्षात क्वेरी वाचताना डबल कोट नसलेलं प्रत्येक नाव पोस्टग्रेस आधी स्मॉल करून घेतं आणि मग कॅटलॉगमध्ये, म्हणजे टेबलं-कॉलमांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्याच्या आतल्या टेबलांत, शोधतं. डबल कोटातलं नाव ते जसंच्या तसं उचलतं. शोधताना जुळणी मात्र दोन्ही वेळा अक्षरन् अक्षर तपासून होते. टेबल तयार करतानाही हाच नियम लागतो. तुमच्या ओआरएमने क्रिएट टेबल चालवताना नावाला डबल कोट लावले, त्यामुळे कॅपिटल सी आणि कॅपिटल ओ असलेलं नाव कॅटलॉगमध्ये नोंदलं गेलं. ॲप चालतं, कारण ओआरएम सिलेक्ट करतानाही कोट लावतो. तुम्ही हाताने लिहिलेल्या क्वेरीत कोट नव्हते, नाव स्मॉल झालं, आणि सगळी अक्षरं स्मॉल असलेलं टेबल तुमच्याकडे खरोखरच नाही. एररमधलं नाव नीट बघा. तुम्ही कॅपिटल टाइप केलेलं असूनही तिथे ते स्मॉल छापलेलं असेल. निदानाला तेवढं पुरतं.

म्हणजे खरा प्रश्न आहे तो कॅटलॉगमध्ये नेमकं काय नोंदलं गेलंय याचा. ते बघायला एक फंक्शन फार उपयोगी आहे: कोट_आयडेंट. त्याला नाव दिलं की गरज असेल तरच ते भोवती डबल कोट लावून परत देतं. इन्फर्मेशन_स्कीमामधल्या टेबल्स आणि कॉलम्स या दोन व्ह्यूंवर ‘कोट_आयडेंटचं उत्तर मूळ नावापेक्षा वेगळं असेल त्या ओळी द्या’ एवढीच अट घाला. कॅपिटल असलेली, स्पेस किंवा हायफन असलेली आणि राखीव शब्दांवर बेतलेली सगळी नावं एका यादीत मिळतात. पुढचा निर्णय ही यादी हातात आल्यावरच घ्या, कारण तीन टेबलांची यादी असेल तर उत्तर वेगळं आणि दोनशे कॉलमांची असेल तर वेगळं.

आता विंडोजवरच्या मायएसक्यूएलमध्ये हे का जाणवलं नाही? तिथला नियमच निराळा आहे. मायएसक्यूएलमध्ये कॉलम, इंडेक्स आणि स्टोअर्ड प्रोसिजर यांच्या नावांत कॅपिटल-स्मॉल कुठल्याच प्लॅटफॉर्मवर बघितलं जात नाही. डेटाबेस आणि टेबल यांची नावं मात्र लोअर_केस_टेबल_नेम्स या व्हेरिएबलवर अवलंबून असतात. त्याची डिफॉल्ट किंमत लिनक्सवर ०, विंडोजवर १ आणि मॅकवर २. ० म्हणजे नाव दिलं तसंच साठवायचं आणि तसंच्या तसंच जुळवायचं. १ म्हणजे स्मॉल करून साठवायचं आणि कसंही लिहिलं तरी जुळवायचं. २ म्हणजे दिलं तसं साठवायचं, पण जुळवताना स्मॉल करून बघायचं. टेबलाचा एलिअस, म्हणजे क्वेरीपुरतं दिलेलं दुसरं नाव, तोसुद्धा लिनक्सवर केस पाळतो. वर ‘ओ’ हा एलिअस कॅपिटल आणि खाली तोच स्मॉल लिहिला, तर विंडोजवर चालणारी क्वेरी लिनक्सवर पडते.

याचा फटका बसतो तो असा. विकास विंडोजवर झाला, टेबलं स्मॉल नावांनी साठली, डंप (डेटाबेसची फाइलमधली प्रत) घेतला तर त्यातही नावं स्मॉल. कोडमध्ये मात्र कॅपिटल सी, कॅपिटल ओ. तो डंप लिनक्स सर्व्हरवर चढवला की पहिल्याच क्वेरीला ‘टेबल डझन्ट एक्झिस्ट’. मग लोक सर्व्हरवरचं व्हेरिएबल ० वरून १ करायला जातात. मायएसक्यूएल ८.० पासून ते शक्य नाही. ही किंमत डेटा डिरेक्टरी इनिशिअलाइज करतानाच ठरते, नंतर बदलली तर सर्व्हर सुरूच होत नाही. म्हणून विकास विंडोजवर आणि सर्व्हर लिनक्सवर असेल, तर टेबलांची नावं पहिल्या दिवसापासून स्मॉल ठेवा आणि कोडमध्येही स्मॉलच लिहा. दोन्हीकडे चालणारा याहून सोपा उपाय नाही.

बाकीच्या डेटाबेसचं थोडक्यात सांगतो, कारण तुमचा प्रकल्प उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. एसक्यूएल स्टँडर्ड म्हणतं की कोट नसलेलं नाव सगळं कॅपिटल करावं. ओरॅकल, डीबी२, फायरबर्ड आणि स्नोफ्लेक तसंच करतात. पोस्टग्रेस स्मॉल करतं, म्हणजे स्टँडर्डच्या बरोबर उलट. याचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. पोस्टग्रेसमध्ये डबल कोटात सगळं स्मॉल नाव लिहिलं किंवा कोट न लावता लिहिलं, तरी एकच टेबल मिळतं. ओरॅकलमध्ये ही दोन वेगळी नावं होतात. त्यामुळे ‘खबरदारी म्हणून सगळीकडे स्मॉल नाव आणि त्याला कोट’ असं करणारी स्क्रिप्ट पोस्टग्रेसवर वर्षानुवर्षं चालते आणि ओरॅकलवर पहिल्याच ओळीला अडकते. ओरॅकलच्या यूझर_टेबल्समध्ये नाव शोधतानाही सिंगल कोटात ते पूर्ण कॅपिटल लिहावं लागतं, नाहीतर शून्य ओळी मिळतात आणि एररही येत नाही.

एसक्यूएल सर्व्हर नाव जसं दिलं तसं साठवतं आणि जुळणी डेटाबेसच्या कोलेशनवर, म्हणजे अक्षरांच्या तुलनेच्या नियमांवर, सोडतं. नेहमीच्या सीआय (केस इन्सेन्सिटिव्ह) कोलेशनमध्ये कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही. सीएस (केस सेन्सिटिव्ह) किंवा बायनरी कोलेशन असलेल्या डेटाबेसमध्ये मात्र कोट न लावलेल्या नावांनाही फरक पडतो. आणि व्हेरिएबलांची नावं सहसा डेटाबेसचं कोलेशन बघत नाहीत, ती सर्व्हरच्या कोलेशनवर चालतात. तुमचं उत्पादन ग्राहकाच्या सर्व्हरवर बसणार असेल, तर एक चाचणी डेटाबेस मुद्दाम सीएस कोलेशनचा ठेवा आणि सगळ्या स्क्रिप्ट एकदा त्याच्यावर चालवा. नावांमधला ढिसाळपणा तिथे लगेच उघडा पडतो. तुर्की कोलेशनमध्ये आणखी एक खाच आहे: तिथे स्मॉल आय आणि कॅपिटल आय ही एकाच अक्षराची जोडी मानत नाहीत, त्यामुळे सीआय असूनही कॅपिटल आयडी आणि स्मॉल आयडी जुळत नाहीत.

अवतरणचिन्हंही सगळीकडे सारखी नाहीत. स्टँडर्ड, पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये नावाला डबल कोट आणि मजकुराला सिंगल कोट. मायएसक्यूएलमध्ये नावाला बॅकटिक. डबल कोटातला मजकूर तिथे स्ट्रिंग समजला जातो, एएनएसआय_कोट्स हा मोड चालू केला तरच तो नाव ठरतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकटी कंस, आणि कोटेड_आयडेंटिफायर ऑन असेल तर डबल कोटही. सध्याचे बहुतेक ड्रायव्हर ते ऑन ठेवतात, पण जुनं एसक्यूएलसीएमडी डिफॉल्टने ऑफ ठेवतं. त्यामुळे मॅनेजमेंट स्टुडिओत चाललेली स्क्रिप्ट एसक्यूएलसीएमडीमधून पडू शकते, विशेषतः फिल्टर्ड इंडेक्स किंवा इंडेक्स्ड व्ह्यू मध्ये असेल तर. एसक्यूएलसीएमडीला कॅपिटल आयचा पर्याय दिला की ते ऑन होतं.

सगळ्यात जपून राहायचं ते एसक्यूलाइटपासून. नावांचं कॅपिटल-स्मॉल ते बघत नाही आणि डबल कोट, बॅकटिक, चौकटी कंस असं काहीही चालवून घेतं. पण डबल कोटातल्या नावाचा कॉलम सापडला नाही, तर एरर न देता त्याला सरळ स्ट्रिंग समजतं. ‘स्टेटस’ या कॉलमचं नाव डबल कोटात लिहिताना एक अक्षर चुकलं, तर अट दोन मजकुरांची तुलना करते, बहुधा एकही ओळ येत नाही, आणि चूक कुठे ते कळत नाही. ३.२९.० या आवृत्तीपासून हे वागणं बंद करता येतं आणि ३.४१.० पासून कमांड लाइनच्या शेलमध्ये ते मुळातच बंद असतं. ॲपमध्ये जोडलेल्या लायब्ररीत मात्र ते स्वतः बंद करावं लागतं. टेस्ट एसक्यूलाइटवर आणि प्रॉडक्शन पोस्टग्रेसवर अशी मांडणी असेल, तर नावांच्या बाबतीत त्या टेस्टवर मी विसंबत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न: कोट लावायचे की नावं बदलायची?

हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि माझा कल स्पष्ट आहे. या डेटाबेसला फक्त तुमचं एकच ॲप हात लावतं, सगळ्या क्वेरी ओआरएममधून जातात आणि हाताने लिहिलेलं एसक्यूएल जवळजवळ नाही, अशी स्थिती असेल तर नावं राहू द्या. ओआरएम कोट लावतोय, काम चालू आहे, नामांतराचा खटाटोप करण्यासारखं त्यात काही नाही. पण रिपोर्ट काढणारे, डेटा ॲनालिस्ट, दुसऱ्या भाषेतली एखादी सर्व्हिस, रात्री चालणाऱ्या स्क्रिप्ट यांपैकी कुणीही त्या टेबलांवर क्वेरी लिहीत असेल, तर नावं बदलाच. कारण त्या प्रत्येकाला प्रत्येक कॉलमभोवती कोट लावावे लागतात, आणि एक विसरला तरी क्वेरी पडते. शिवाय एसक्यूएल बॅश किंवा पायथनच्या स्ट्रिंगमध्ये लिहिलं की आतले डबल कोट एस्केप करत बसावे लागतात, आणि वाचणाऱ्याला मूळ क्वेरी दिसेनाशी होते.

कोट विसरला तर निदान एरर येते. त्याहून वाईट म्हणजे एरर न येणाऱ्या जागा. त्यातली रोज भेटणारी म्हणजे कॉलमचा एलिअस. सिलेक्टमध्ये बेरजेला ग्रँडटोटल असा टी कॅपिटल ठेवून, कोट न लावता एलिअस दिला, की पोस्टग्रेस तो स्मॉल करतं. जावास्क्रिप्टमध्ये त्या नावाने वाचलं की अनडिफाइंड मिळतं, आणि स्क्रीनवर रकमेची जागा रिकामी राहते. दुसरी जागा म्हणजे यूझर नावाचं टेबल. पोस्टग्रेसमध्ये कोट न लावता ‘सिलेक्ट स्टार फ्रॉम यूझर’ चालवलं तर एरर येत नाही. सध्या लॉगिन असलेल्या रोलचं नाव एका ओळीत परत येतं, कारण यूझर हा तिथे राखीव शब्द आहे. टेबलात एकच ओळ उरली की काय, असं वाटून माणूस घाबरतो.

काही ठिकाणी नाव सिंगल कोटातल्या मजकुरात दिलेलं असतं, तरी त्याला नावाचे नियम लागतात. नेक्स्टव्हॅल फंक्शनला सीक्वेन्सचं (क्रमांक देणाऱ्या जनरेटरचं) नाव देताना किंवा मजकूर रेगक्लास या टाइपमध्ये बदलताना सिंगल कोटाच्या आत पुन्हा डबल कोट हवेत, नाहीतर आतलं नाव स्मॉल होतं. पीजी_डंपच्या स्मॉल टी या पर्यायाला दिलेलं टेबलाचं नावही असंच स्मॉल होतं. तिथे शेलने डबल कोट खाऊन टाकू नयेत म्हणून बाहेरून सिंगल कोट लावायचे. याउलट इन्फर्मेशन_स्कीमाच्या व्ह्यूमध्ये नाव हा निव्वळ डेटा असतो, त्यामुळे तिथे कॅटलॉगमधल्यासारखं तंतोतंत लिहायचं. क्रिएटडीबी ही कमांड दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवते. तिने कॅपिटल एम असलेला डेटाबेस तयार केला आणि नंतर एसक्यूएलमधून कोट न लावता ड्रॉप डेटाबेस चालवलं, की तो सापडत नाही. कनेक्शन स्ट्रिंगमधलं डेटाबेसचं आणि यूझरचं नावसुद्धा स्मॉल केलं जात नाही.

नावं बदलायची ठरली तर पोस्टग्रेसमध्ये मी या क्रमाने जातो. आधी कोट_आयडेंटची यादी. मग एकच मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) आणि एकच ट्रान्झॅक्शन, कारण पोस्टग्रेसमध्ये ऑल्टर टेबल ट्रान्झॅक्शनमध्ये चालतं आणि मध्येच काही बिघडलं तर सगळं मागे घेता येतं. ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला लॉक_टाइमआउट २ ते ५ सेकंद ठेवायचा. रिनेमचं काम क्षणात होतं, पण त्याला टेबलावर ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो. आधीपासून एखादी लांबलचक क्वेरी चालू असेल तर रिनेम तिच्या मागे थांबतं, आणि रिनेमच्या मागे बाकीचं सगळं ॲप. टाइमआउट असेल तर रिनेम मागे हटतं, थोड्या वेळाने पुन्हा चालवता येतं. मग कस्टमरऑर्डरचं कस्टमर_ऑर्डर, त्यातल्या कस्टमरआयडीचं कस्टमर_आयडी, असं एकेक नाव बदलायचं. अंडरस्कोर आवर्जून घाला. नुसतं स्मॉल केलेलं लांब नाव वाचताना दमछाक होते.

रिनेमनंतर काय आपोआप सुधारतं आणि काय नाही, हे आधी माहीत हवं. व्ह्यू, फॉरेन की आणि कॉलमच्या डिफॉल्टमधला सीक्वेन्स हे आतून ओआयडीने (नावाऐवजी वापरल्या जाणाऱ्या अंतर्गत क्रमांकाने) जोडलेले असतात, त्यामुळे ते चालू राहतात. इंडेक्स, कन्स्ट्रेंट आणि सीक्वेन्स यांची स्वतःची नावं मात्र जुनीच राहतात, ती वेगळ्या आदेशांनी बदलायची. पीएल/पीजीएसक्यूएलमधल्या फंक्शनचा मजकूर नुसता मजकूर म्हणूनच साठलेला असतो. मायग्रेशन सुरळीत पार पडतं आणि फंक्शन कुणीतरी चालवेल तेव्हा पडतं. म्हणून पीजी_प्रॉकच्या प्रोएसआरसी कॉलममध्ये जुनी नावं आधीच शोधून ठेवा.

सगळं ॲप एकाच क्षणी बदलता येत नसेल तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये जुन्या नावाचा व्ह्यू करून ठेवायचा, ज्यात नवे कॉलम जुन्या नावांच्या एलिअसने दिलेले असतील. एकाच टेबलावरचा असा साधा व्ह्यू पोस्टग्रेस ९.३ पासून इन्सर्ट, अपडेट आणि डिलीटही घेतो. मर्यादा तीन. ट्रंकेट व्ह्यूवर चालत नाही. कॉपी फ्रॉमला त्यावर इन्स्टेड ऑफ ट्रिगर लागतो. आणि परवानग्या व्ह्यूला वेगळ्या द्याव्या लागतात, शिवाय मूळ टेबलाची तपासणी व्ह्यूच्या मालकाच्या हक्काने होते. रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे पॉलिसीने ठरवणं) वापरत असाल तर ही शेवटची गोष्ट विसरू नका. मालकाला पॉलिसी लागू नसेल, तर ज्या ओळी दिसू नयेत त्या व्ह्यूमधून दिसतील. पोस्टग्रेस १५ पासून व्ह्यूला सिक्युरिटी_इन्व्होकर लावता येतं, त्याने ही फट बुजते.

डेटाबेस बदलला तरी कोडमधली नावं कॅमलकेस (अंडरस्कोर नाही, पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल) राहू शकतात. ते भाषांतर ओआरएमवर सोपवा. सीक्वेलाइझमध्ये अंडरस्कोर्ड हा पर्याय ट्रू करा. प्रिझ्मामध्ये मॉडेल आणि फील्डला मॅप लावा. डॉटनेटच्या एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये स्नेककेसची (स्मॉल अक्षरं आणि अंडरस्कोर) नेमिंग कन्व्हेन्शन जोडा. स्प्रिंग बूट हायबरनेटसोबत हे मुळातच करतं. पायथनच्या एसक्यूएलअल्केमीत पूर्ण स्मॉल नावाला कोट लागत नाही, कॅपिटल दिसलं की लागतो, आणि पांडाजने सीएसव्हीवरून टेबल तयार केलं की शीर्षकातल्या स्पेस आणि कॅपिटल तशाच्या तशा कॉलममध्ये उतरतात. डेटा चढवण्याआधी कॉलमांची नावं धुऊन घ्या.

टेबलाचं किंवा कॉलमचं नाव रनटाइमला ठरत असेल तर ते पॅरामीटर म्हणून बाइंड करता येत नाही, स्ट्रिंगमध्येच जोडावं लागतं. तिथे हाताने कोट चिकटवू नका. नावाच्या आत डबल कोट आला तर तो दुप्पट करावा लागतो, आणि ते राहिलं की एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे बाहेरच्या माणसाने क्वेरीत स्वतःचं एसक्यूएल घुसवण्याला, वाट मिळते. पोस्टग्रेसमध्ये फॉरमॅट फंक्शन आणि टक्के-कॅपिटल-आय, एसक्यूएल सर्व्हरमध्ये कोटनेम वापरा. कोटनेम १२८ अक्षरांपेक्षा लांब नाव दिलं की नल देतं, आणि नल जोडलेली पूर्ण क्वेरी सहसा नल होते, तेवढं ध्यानात ठेवा. वापरकर्त्याकडून नाव येत असेल तर आधी परवानगी असलेल्या नावांच्या यादीशी ते ताडून पाहा. नुसतं कोट करणं पुरत नाही, कारण नीट कोट केलेलं नावही भलत्याच टेबलाचं असू शकतं.

कॉलमांची नावं देवनागरीत ठेवायची का, हेही काही जण विचारतात. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही ती कोट न लावता घेतात, आणि कॅपिटल-स्मॉलचा प्रश्नच येत नाही. पण पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइट आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक स्वर, व्यंजन, मात्रा आणि हलन्त ३ बाइट खातो. ‘ग्राहक_क्रमांक’ हे साधं नाव ४० बाइटचं होतं. मर्यादेपलीकडचा भाग पोस्टग्रेस फक्त नोटीस देऊन कापून टाकतं. शिवाय ‘वाऱ्या’मधला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो, ऱ वापरून किंवा र आणि झिरो विड्थ जॉइनर वापरून. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, डेटाबेसला ती दोन वेगळी नावं असतात. दाखवायची शीर्षकं मराठीत ठेवा, कॉलमांची नावं साध्या रोमन स्मॉल अक्षरांत.

नावं एकदा स्वच्छ झाली की ती तशी राहतील याची सोय त्याच दिवशी करा, नाहीतर पुढचा माणूस नवीन मॉडेल जोडेल आणि पुन्हा कॅपिटल शिरतील. वरची कोट_आयडेंटची क्वेरी टेस्टमध्ये घाला: मायग्रेशन चालवून झाली की ती चालवायची आणि एकही ओळ आली तर बिल्ड नापास करायचा. राखीव शब्दांसाठीही ती कामी येते, पण डेटाबेसची आवृत्ती बदलताना राखीव शब्दांची नवी यादी स्वतंत्रपणे बघा. मायएसक्यूएल ८.० ने रँक आणि ग्रुप्स हे शब्द राखीव केले, आणि ५.७ वर त्या नावांचं टेबल किंवा कॉलम असलेल्या क्वेरी बॅकटिक न लावल्यामुळे अपग्रेडनंतर पडू लागल्या.